फुललेल्या झाडाचे नाव

मुंबईला वसंत येत नाही, असा एक समज खुद्द मुंबईकरांनीच रूढ केला आहे. उन्हाळा, पावसाळा आणि थोडा कमी उन्हाळा, एवढेच ऋतू या शहराच्या वाट्याला आले आहेत, असे येथे विनोदाने म्हटले जाते. परंतु माघ सरता सरता जो कोणी लोकलच्या वेळापत्रकातून अर्धा तास बाजूला काढून पायी निघेल, त्याला या विनोदातील खोटेपणा कळल्यावाचून राहणार नाही. पाने झडून उघड्या पडलेल्या पांगाऱ्याच्या फांद्या लालभडक फुलांनी पेटलेल्या असतात आणि काटेसावरीच्या मांसल फुलांवर कावळे, साळुंक्या व शिंजीर यांची झुंबड उडालेली असते. फाल्गुनात घाटकोपर-विक्रोळीकडील पूर्व द्रुतगती महामार्गाच्या कडेने टॅबेबुया गुलाबी होतो. चैत्रात करंजाला पोपटी पालवी फुटते आणि त्याच्या चिमुकल्या फुलांचा सडा पदपथावर पडतो. सोनमोहर पिवळा होतो, त्यामागून बहाव्याचे झुंबर लोंबू लागते, ताम्हण जांभळा होतो आणि वैशाखात गुलमोहर साऱ्यांवर मात करतो.

या बहराला केवळ नेत्रसुख मानणे पुरेसे नाही. पांगारा व सावर हे वृक्ष कोरड्या दिवसांत पाने टाकून पाणी वाचवतात. निष्पर्ण फांदीवरील भडक फूल पक्ष्यांना दुरूनच दिसते, परागसिंचन होते आणि पाऊस येण्यापूर्वी बी तयार होते. शहरातील धूर, धूळ आणि कोलाहल यांच्यामधून हा जीवनक्रम बिनबोभाट चाललेला असतो. दुर्गा भागवतांनी १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ऋतुचक्रा’त महिन्यामहिन्याचा निसर्ग मराठी वाचकापुढे उभा केला, तेव्हा पाहण्याची ही दृष्टी अभ्यासाने कमावता येते, हेच त्यांनी दाखवून दिले.

ज्या शहरात माणसाला उभे राहायला जागा नाही, तेथे फुलांचे कौतुक ही रिकामटेकड्यांची चैन होय, असा आक्षेप यावर घेतला जाईल. या शहराचा इतिहास मात्र या आक्षेपाला दुजोरा देत नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि अंधाऱ्या, कोंदट वस्त्यांची भीषणता उघड झाली. त्यातूनच १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली आणि पुढे दादर, माटुंगा, वडाळा या भागांत नव्या वसाहती आखल्या गेल्या. रुंद रस्ते, मोकळी हवा आणि झाडांच्या रांगा हे त्या आखणीचे अंगच होते. फाइव्ह गार्डन्सच्या परिसरात आज जी सावली मिळते, ती शोभेसाठी केलेली उधळपट्टी नसून रोगराईतून शिकलेले शहाणपण आहे. भर उन्हात बसची वाट पाहणाऱ्या कारकुनाला आणि दप्तर पाठीवर घेऊन चालणाऱ्या मुलाला त्या सावलीचे मोल कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

मग प्रश्न उरतो तो असा की, इतकी उपयुक्त आणि इतकी देखणी झाडे आपल्या डोळ्यांदेखत नाहीशी कशी होतात? कायदा नाही असे नव्हे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ सालचा आहे. झाड तोडण्याचा प्रस्ताव असल्यास वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यावी, झाडावर नोटीस लावावी आणि नागरिकांना हरकत घेण्याची संधी मिळावी, अशी व्यवस्था त्यात आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे व त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसावृक्षाचा दर्जा दिला. असा वृक्ष तोडावा लागलाच, तर त्याच्या वयाइतकी रोपे लावण्याची अटही घातली. कागदावर याहून अधिक काय हवे?

उणीव आहे ती कागद वाचणाऱ्याची. नोटिशीत झाडाचे नाव असले, तरी ते वाचून ज्याच्या डोळ्यांपुढे एखादे विशिष्ट झाड उभे राहील, असा वाचक किती? २०१९ च्या ऑक्टोबरात आरे येथे मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली, तेव्हा शहर हादरले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मेट्रो नको, असे कोणी सुज्ञ म्हणणार नाही. झाड व रेल्वे यांच्यात कधीकधी निवड करावी लागते, हेही खरे. परंतु आरेच्या झाडांना निदान बाजू मांडणारी माणसे होती. गल्लीतील एकट्या पांगाऱ्याला कोण आहे? पावसाळ्याच्या तोंडावर फांद्या छाटताना त्याचे खोडच उतरवले गेले किंवा रस्त्याचे काँक्रीट त्याच्या बुंध्याला भिडवले गेले, तर तेथे पूर्वी काय होते हे सहा महिन्यांनी कोणालाही आठवत नाही. अनोळखी माणसाच्या मृत्यूची बातमी जशी नजरेखालून निघून जाते, तसेच हे आहे.

म्हणूनच बहराच्या दिवसांतील पायी फेरीला नागरी महत्त्व आहे. हिरव्या गर्दीत एरवी न ओळखू येणारे झाड या पंधरा-वीस दिवसांत आपली ओळख स्वतःहून देते. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, टॅबेबुया अमेरिका खंडातला, तर ताम्हण या मातीतला आणि महाराष्ट्राचे राज्यपुष्प. ही माहिती एकदा फुलाशी जोडली गेली, की पुढे फूल नसतानाही झाड ओळखू येते. शिक्षकांनी एखादा तास वर्गाबाहेर घेऊन शाळेच्या रस्त्यावरील झाडांची नावे मुलांकडून लिहून घ्यावीत. त्यासाठी अनुदान लागत नाही की परिपत्रक. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी आपल्या प्रभागातील वारसावृक्षांची वही ठेवावी. महापालिकेनेही नोटिशीवर झाडाचे रूढ मराठी नाव आणि बहराचा महिना छापावा. २०१३ साली राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतील झाडांच्या बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवण्याचा आदेश दिला होता. मुंबईनेही तेवढी माती प्रत्येक झाडाला द्यावी.

तोडलेल्या झाडाच्या बदल्यात रोपे लावल्याचे आकडे दरवर्षी प्रसिद्ध होतील. पण रोप म्हणजे बहर नव्हे. त्या दोहोंमध्ये कित्येक वर्षांचे अंतर असते आणि तेवढ्या वर्षांत शाळेतील मुलांची एक पिढी त्या रस्त्यावरून सावलीवाचून निघून जाते. कायद्याने दिलेला हरकतीचा हक्क जो झाडाला ओळखतो, त्यालाच बजावता येतो. येत्या चैत्रात मुंबईकर आपल्या रस्त्यावरील झाडांची नावे शिकले, तर पुढच्या नोटिशीला उत्तर देणारे कोणी तरी असेल.