ऑगस्टीन: सक्तीला तर्क पुरवणारा बिशप

#थ्रेड

१/ जुन्या गोव्यातील सेंट ऑगस्टीन टॉवरचे अवशेष पुष्कळांनी पाहिले असतील. ज्याच्या नावाच्या संघाने ते चर्च उभारले, तो ऑगस्टीन मात्र उत्तर आफ्रिकेचा. जन्म इ.स. ३५४, थागास्ते (आजच्या अल्जीरियातील सूक अहरास). ३८७ मध्ये मिलानला बाप्तिस्मा. पुढे हिप्पोचा बिशप. त्याचे ‘कन्फेशन्स’ जगभर वाचले जाते. त्याच्या पत्रांकडे फारसे कोणी वळत नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे.

२/ ३०३ मध्ये सुरू झालेल्या डायोक्लेशियनच्या छळात काही धर्मगुरूंनी जीव वाचवण्यासाठी पवित्र ग्रंथ अधिकाऱ्यांच्या हवाली केले. अशांच्या हातचे संस्कार वैध कसे, हा डोनाटिस्टांचा प्रश्न. त्यातून आफ्रिकेतील चर्च दुभंगले. कित्येक गावांत दोन-दोन बिशप झाले. ऑगस्टीनचे उत्तर असे, की संस्काराचे सामर्थ्य ख्रिस्ताचे आहे, देणाऱ्याच्या चारित्र्यावर ते अवलंबून नाही. हे उत्तर थोर होते, याविषयी शंका नको.

३/ पण वाद शब्दांपुरता राहिला नाही. ४०५ मध्ये सम्राट होनोरियसने डोनाटिस्टांविरुद्ध फर्मान काढले. त्यानंतर काही वर्षांनी ऑगस्टीनने विन्सेंटियस या विरोधी बिशपला एक दीर्घ पत्र लिहिले. विद्यार्थिदशेत कार्थेजला दोघांची ओळख होती. पत्रात ऑगस्टीन मोकळेपणाने कबूल करतो: कोणालाही बळाने ऐक्यात आणू नये, केवळ युक्तिवादाने जिंकावे, असे पूर्वी आपले मत होते; सक्तीने केवळ ढोंगी अनुयायी मिळतील, अशी भीती होती. मत पालटले ते उदाहरणांमुळे. त्याचे स्वतःचे गाव एकेकाळी संपूर्ण डोनाटिस्ट होते, ते राजाज्ञेच्या धाकाने कॅथलिक झाले आणि पुढे मनापासून तसेच राहिले, असे तो सांगतो. जोडीला लूकच्या शुभवर्तमानातील मेजवानीचा दृष्टान्त, ज्यात यजमान चाकराला वाटेवरच्या लोकांना भाग पाडून आत आणायला सांगतो.

४/ ‘तो त्याच्या काळाचे अपत्य होता’ हा बचाव नेहमी ऐकू येतो. तो इथे टिकत नाही, कारण त्याच काळात, त्याच माणसाने, उलट मत मांडले होते. सक्तीचे तोटे त्याला ठाऊक होते. त्याने ते बाजूला ठेवले, कारण उपाय लागू पडताना दिसला.

५/ एक बाजू नोंदवायलाच हवी. डोनाटिस्टांमधील सर्कमसेलियन टोळ्या हिंसक होत्या, तरीही पकडलेल्या अपराध्यांना देहदंड देऊ नये, अशी विनवणी ऑगस्टीनने मार्सेलिनस या अधिकाऱ्याला केली. याच मार्सेलिनसच्या अध्यक्षतेखाली ४११ मध्ये कार्थेजला दोन्ही पक्षांचे पाचशेहून अधिक बिशप जमले होते. निकाल डोनाटिस्टांविरुद्ध गेला. ४१२ मध्ये दंड आणि जप्तीचे कायदे आले. म्हणजे फाशी नको, दंड चालेल. ही मर्यादा त्याने स्वतः आखली आणि स्वतः पाळली. नंतरच्यांनी तर्क उचलला, मर्यादा सोडून दिली.

६/ ४३० मध्ये व्हँडलांच्या वेढ्यात अडकलेल्या हिप्पोत त्याचा मृत्यू झाला. पत्रे उरली. १६८५ मध्ये चौदाव्या लुईने फ्रान्समधील प्रोटेस्टंटांचे संरक्षण काढून घेतले, तेव्हा त्या धोरणाच्या समर्थनार्थ ऑगस्टीनची पत्रे फ्रेंचमध्ये छापण्यात आली. पुढच्याच वर्षी पियर बेलने त्या दृष्टान्ताच्या सक्तीवादी अर्थाचे खंडन करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा थोरला भाऊ, प्रोटेस्टंट पाळक याकोब, १६८५ च्या नोव्हेंबरमध्येच फ्रान्सच्या तुरुंगात मरण पावला होता.