सांगकाम्या आणि दीडशहाणा

परवा आमच्या घरी चकल्यांचा एक अख्खा घाणा जळून कोळसा झाला. त्याचे असे झाले, की सौभाग्यवती कढईपाशी होत्या आणि दारावरची घंटा वाजली. आमचा चौदा वर्षांचा नातू बंडू शेजारीच उभा राहून चिवड्यातले दाणे वेचून खात होता. त्याच्या हाती झारा देत त्या म्हणाल्या, "मी येईपर्यंत इथून हलू नकोस आणि कशाला हात लावू नकोस." दारात कोण आले होते ते सांगत नाही, दिवाळीच्या तोंडावर दारात आलेले माणूस पाच मिनिटांत परत जात नाही, एवढे म्हटले म्हणजे पुरे. बंडू हलला नाही. चकल्या तांबूस झाल्या, तपकिरी झाल्या, काळ्या झाल्या, घरभर धूर झाला. बंडू आपला झारा धरून पहारेकऱ्यासारखा उभा!

"अरे, तुला डोळे नाहीत का?" सौभाग्यवती धावत आल्या.

"आजी, तूच म्हणालीस हात लावू नकोस म्हणून."

"म्हणून काय जळू द्यायच्या?"

"गेल्या वर्षी शंकरपाळे मी आपणहून काढले होते, तेव्हा म्हणालीस, तुला कुणी सांगितला होता हा शहाणपणा?"

यावर उत्तर नव्हते. मला विचाराल तर दोघांचेही बरोबर होते, आणि चकल्या तर गेल्याच होत्या. आपल्या भाषेची मला गंमत वाटते. सांगितले तेवढेच करणारा तो सांगकाम्या आणि न सांगितलेले करणारा तो दीडशहाणा; दोघांनाही आपण नावे ठेवून मोकळे झालो. या दोघांच्या मधोमध जो उभा असतो, ज्याला हुकूम पाळायचाही असतो आणि डोळे उघडे ठेवायचेही असतात, त्याला मात्र धड नावसुद्धा नाही.

धुराने चुरचुरणारे डोळे पुसत मी आरामखुर्चीत येऊन बसलो आणि मला एका बुडालेल्या जहाजाची आठवण झाली. गोष्ट आपल्याकडची नाही, ब्रिटिश आरमाराची आहे. पण वाचकहो, ती ऐकल्यावर परकी वाटणार नाही.

22 जून 1893. भूमध्य समुद्रातला ब्रिटिशांचा युद्धनौकांचा ताफा आजच्या लेबनॉनमधल्या त्रिपोली बंदरासमोर येत होता. हवा स्वच्छ, समुद्र शांत. जहाजांच्या दोन रांगा शेजारी शेजारी चालल्या होत्या. एका रांगेच्या अग्रभागी 'व्हिक्टोरिया'. तिच्यावर ताफ्याचे प्रमुख सर जॉर्ज ट्रायॉन. दुसऱ्या रांगेच्या अग्रभागी 'कॅम्परडाउन'. तिच्यावर दुय्यम अधिकारी मार्कहॅम. ट्रायॉनसाहेबांच्या मनात आले, की दोन्ही रांगांनी एकमेकींकडे, म्हणजे आतल्या बाजूला वळून उलट तोंड करावे आणि मग झोकात नांगर टाकावा. दिसायला देखणी कवाईत! पण या जहाजांना असे वळण घ्यायला प्रत्येकी सुमारे 800 वार पाणी लागे. दोघींचे मिळून 1600. रांगांमध्ये अंतर होते सहा केबल, म्हणजे 1200 वार. चौथीतल्या पोराने पाटीवर मांडून दाखवावे असे हे गणित.

तुम्ही म्हणाल, कोणाच्याच लक्षात आले नाही? अहो, सगळ्यांच्या आले! ट्रायॉनच्याच जहाजावरच्या एका अधिकाऱ्याने अंतर निदान आठ केबल तरी हवे असे त्यांना सांगितले. साहेब हो म्हणाले. थोड्या वेळाने निशाण चढले ते मात्र सहाचे. पुन्हा विचारणा झाली. उत्तर आले, सहाच राहू दे. त्यापुढे कोणी तोंड उघडले नाही.

पलीकडे मार्कहॅमला हुकूम दिसला आणि तो चक्रावला. हा काही भित्रा माणूस नव्हे. 1876 साली बर्फावरून घसरगाड्या ओढत नेऊन, तोवर कोणीही पोहोचले नव्हते इतक्या उत्तरेला याने पाय लावले होते. त्याने हुकूम समजल्याचे निशाण पुरते वर चढवले नाही, अर्ध्यावरच ठेवले. आरमारी भाषेत त्याचा अर्थ, उलगडा होत नाही. आपली शंका रीतसर कळवावी असेही त्याच्या मनात होते. एवढ्यात 'व्हिक्टोरिया'वरून सगळ्या ताफ्यादेखत इशारा आला : कशासाठी थांबला आहात?

झाले! चारचौघांत साहेबाने असे विचारल्यावर माणसाची बुद्धी काय करते, हे कचेरीत नोकरी केलेल्या वाचकांना मी सांगायला नको. मार्कहॅमने मनाची समजूत घातली, की साहेबांच्या डोक्यात काही वेगळी योजना असेल, ते बहुधा आपल्याला वळसा घालून बाहेरून जातील. त्याने निशाण पुरते चढवले. दोन्ही जहाजे वळली. 'कॅम्परडाउन'चे पाण्याखालचे पोलादी टोक 'व्हिक्टोरिया'च्या कुशीत घुसले. पंधरा मिनिटांच्या आत 'व्हिक्टोरिया' तळाला गेली. तिच्यावरची 358 माणसे बुडाली, 357 वाचली. ट्रायॉन बुडालेल्यांत होते. सारा दोष माझा आहे, असे ते शेवटी म्हणाल्याचे वाचलेल्यांनी सांगितले.

आता यातली खरी चुटपुट लावणारी गोष्ट सांगतो. हे ट्रायॉन म्हणजे कोणी 'मी म्हणतो म्हणून' असे म्हणणारे जुन्या वळणाचे गृहस्थ नव्हते. उलट, अधिकाऱ्यांनी प्रत्येक गोष्टीला निशाणाची वाट पाहत बसू नये, पुढच्या जहाजाची हालचाल पाहून आपल्या अकलेने वागावे, यासाठी त्यांनी एक पद्धतच बसवली होती. तिच्यापायी त्यांच्यावर टीकाही झाली होती. स्वतंत्र बुद्धीचा असा पुरस्कर्ता त्या काळच्या आरमारात शोधून सापडला नसता. आणि त्यांच्याच डोळ्यांदेखत शेकडो माणसे मरणाकडे वळली, कारण त्यांना 'साहेब, हे कसे?' असे दुसऱ्यांदा विचारण्याची कोणाची छाती झाली नाही. धिप्पाड देह, मोजके बोलणे, आरमारभर पसरलेली हुशारीची कीर्ती. अशा माणसाची चूक असेल असे आपल्याला वाटले, तर आपलेच काही चुकत असेल असे पुढच्या क्षणी वाटते.

माल्टाला चौकशी झाली. दोष ट्रायॉन यांचाच ठरला. मार्कहॅमविषयी न्यायालयाने मोठी अवघडलेली भाषा वापरली. त्याने शंका कळवण्याचा आपला पहिला विचार अमलात आणला नाही याचा खेद वाटतो. परंतु प्रत्यक्ष हजर असलेल्या सेनापतीचा हुकूम पाळल्याबद्दल त्याला दोषी ठरवणे सेवेच्या हिताला घातक होईल. म्हणजे पुन्हा आमची चकलीच!

ट्रायॉनबरोबर त्यांची पद्धतही मागे पडली आणि आरमार पुन्हा निशाणांवर विसंबू लागले. त्या दिवशी 'व्हिक्टोरिया'वर जेलिको नावाचा एक अधिकारी तापाने फणफणून पडला होता. तो वाचला, आणि 1916 साली जटलंडच्या लढाईत ब्रिटिशांचा सबंध मोठा ताफा त्याच्या हाताखाली होता. त्या रात्री जर्मन जहाजे त्याच्या पिछाडीने निसटून जाताना काही ब्रिटिश जहाजांनी पाहिली. त्यांनी कळवले नाही. प्रमुखांना दिसलेच असेल, असे त्यांना वाटले.

हे मी मोठ्या तोऱ्याने सांगतो आहे खरा, पण मीही एका कचेरीत कित्येक वर्षे विभागप्रमुख होतो. दर महिन्याच्या सभेत माझे एक भाषण ठरलेले असे : यंत्रासारखे काम करू नका, डोके वापरा. अशाच एका भाषणानंतरच्या आठवड्यात एका दिवंगत कर्मचाऱ्याच्या पत्नीच्या निवृत्तिवेतनाचे कागद मुख्य कचेरीकडे जायचे होते. संध्याकाळपर्यंत गेलेच पाहिजेत, असे मी एका नव्या कारकुनाला बजावले. दुपारी तो टेबलापाशी येऊन उभा राहिला. मी कसल्याशा तक्त्यात मान घालून बसलो होतो. मान वर न करताच म्हणालो, "सांगितलंय तेवढं करा." तासाभराने तो पुन्हा आला. या वेळी मी नुसता हात हलवला. कागद गेले, आणि चार महिन्यांनी परत आले. अर्जावरचे बाईंचे नाव आणि बँकेच्या पासबुकावरचे नाव जुळत नव्हते. ते चार महिने त्या बाई दर पंधरवड्याला येऊन बाहेरच्या बाकावर बसत. कधी मोठ्याने बोलल्या नाहीत. पिशवीत पाण्याची बाटली असे आणि धाकटी मुलगी बरोबर असे.

मी त्या कारकुनाला बोलावून विचारले, "हे तुमच्या लक्षात आलं नव्हतं?"

तो म्हणाला, "साहेब, मी दोनदा आलो होतो."

त्या मुलाने पुढे लवकरच बदली मागून घेतली. मी ती थांबवली नाही. सभेतले भाषण मात्र मी त्यानंतर केले नाही. त्याऐवजी कोणी टेबलापाशी आले, की हातातले पेन खाली ठेवायची सवय लावून घेतली. सोपी नाही हो ही सवय! दिवसातून वीस माणसे येत, त्यांतल्या अठरांची शंका फुसकी असे, आणि कोणती दोन खरी ते ऐकून घेतल्याशिवाय कळत नसे. कामे मागे पडत. वरून मला विचारणा होई, उशीर का होतो म्हणून.

असो. चकल्यांचे पीठ उरले होते. संध्याकाळी दुसरा घाणा सुरू झाला आणि दारावर पुन्हा घंटा वाजली. सौभाग्यवतींनी क्षणभर विचार केला, झारा बंडूच्या हाती दिला आणि म्हणाल्या, "बुडबुडे थांबले आणि तांबूस दिसल्या की काढ. नाही समजलं तर हाक मार."

बंडूने पाच मिनिटांत तीनदा हाक मारली. पहिल्या दोन वेळा त्या लगबगीने आत आल्या. तिसऱ्या हाकेला त्यांच्या कपाळावर आठी पडली, तोंडापर्यंत काहीतरी आलेही. पाहुण्यांना "आलेच हं" म्हणत त्या उठल्या आणि आत गेल्या.