मशीन चैन नाही, अवजार आहे



सोयाबीनची काढणी म्हणजे रोज टोपलंभर धुणं. काळ्या मातीनं भरलेले कपडे दगडावर आपटायचे, पिळायचे. मागच्या हंगामात आमच्या कारभारणीचं मनगट सुजलं. वॉशिंग मशीनचा विषय निघाला तर मी म्हणलं, "शेतकऱ्याच्या घरात कशाला ही चैन?" ती म्हणली, "तुमची पाठ दुखली तर चार्जिंगचा पंप आला. माझ्या मनगटाला काय आलं?" मला उत्तर देता आलं नाही.

रोटाव्हेटरला, मळणी यंत्राला आपण चैन म्हणत नाही. धुण्याची मजुरी कुणी धरत नाही, म्हणून ते काम आपल्याला फुकट वाटतं. बाई दिवसभर रानात आणि संध्याकाळी धुण्यावर. माझं मत स्पष्ट आहे, मशीन हे अवजारच आहे. आम्ही दिवाळीत घेतलं.

"आपल्याकडं पाणी कुठंय?" हा प्रश्न बरोबर आहे. २०१६ ला शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते आपण विसरलो नाही. म्हणून आपल्याकडं सेमी ऑटोमॅटिकच बरं. फुल ऑटोमॅटिकला नळाला दाब लागतो आणि दरवेळी नवं पाणी लागतं. सेमीत बादलीनं पाणी भरता येतं. एकाच साबणाच्या पाण्यात आधी पांढरे, मग रंगीत, शेवटी रानातले कपडे निघतात. खळबळलेलं पाणी पुढच्या धुण्याला वापरा. लाईट गेली तरी उरलेलं हातानं उरकता येतं. वीज म्हणाल तर एका धुण्याला एक युनिटही जळत नाही.

आता तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

१) बोअरचं पाणी जड असतं, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम जास्त. फेस येत नाही म्हणून आपण पावडर वाढवत जातो. टबात पांढरा थर धरतो. महिन्यातून एकदा लिंबूसत्व टाकून मशीन रिकामं फिरवा.

२) पावडरीत सोडियम असतं. ते पाणी रोज एकाच जागी काळ्या रानात सोडलं तर जमीन चोपण होते, पाणी जिरत नाही. ते पाणी शोषखड्ड्यात सोडा, नाहीतर कर्दळीला द्या आणि जागा बदलत राहा.

३) फवारणीचे कपडे घरच्या कपड्यात कधीच टाकू नका. वेगळे धुवा, नंतर टब साबणाच्या पाण्यानं रिकामा फिरवा. ते पाणी जनावरं, भाजीपाला, विहीर यांच्यापासून लांब सोडा.

आणखी एक. मशीन आलं म्हणजे धुणं संपलं असं नाही. पाणी भरायचं, कपडे काढायचे, वाळत घालायचे असतातच. बटण फिरवायला गड्याचा हातही चालतो. आता आमच्याकडं रविवारचं धुणं मी लावतो. पहिल्यांदा शेजारी हसले. परवा त्यातलाच एकजण किंमत विचारून गेला.

पुढचं अवजार घ्यायच्या आधी घरात एकदा विचारा, कुणाचं काय दुखतंय.