विश्वासाची ठेव

दापोली येथे पूर्वी इंग्रजांची लष्करी छावणी होती. त्या काळातील चर्चचे अवशेष तेथे आजही दिसतात. पूर्वी चर्चमधील बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या नोंदवह्या कपाटात जपल्या जात. आज सभासदांची नावे व दूरध्वनी क्रमांक संगणकात असतात. ते हाती लागताच भामटे धर्मगुरूंच्या नावाने ‘गरजूंसाठी त्वरित पैसे पाठवा’ असा संदेश धाडतात आणि दयाळू माणसेच फसतात! म्हणून सभासदांची यादी ही ठेव मानावी. ती परक्याच्या हाती देऊ नये. २०२३ च्या कायद्यानेही वैयक्तिक माहिती जपण्याचे बंधन घातले आहे. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. पैसे देण्यापूर्वी धर्मगुरूंना प्रत्यक्ष विचारणे हा अविश्वास नव्हे; तेच विश्वासाचे रक्षण होय.