काडेपेटीची काडी आणि सैल सॉकेट

प्लग सैल बसतो म्हणून त्याच्या पिनेशेजारी काडेपेटीची काडी खोचलेली तुम्ही पाहिली असेल. कदाचित तुमच्याच घरी. पंखा फिरू लागतो, सगळे खूश होतात आणि काडी वर्षानुवर्षे तिथेच राहते. या काडीविरुद्ध मला तुमच्याकडे तक्रार करायची आहे.

सॉकेटच्या आतल्या धातूच्या पट्ट्या स्प्रिंगसारख्या पिनेला आवळून धरतात. त्यांचा ताण गेला की पिन आणि पट्टी यांची गाठ मोजक्याच टोकांवर पडते आणि तेथे रोध वाढतो. तो अर्धा ओहम धरा. पाणी तापवण्याचा 1500 वॅटचा रॉड 230 व्होल्टला सुमारे साडेसहा अँपिअर प्रवाह घेतो. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, हे सूत्र तुमचे पाठच आहे. उत्तर येते सुमारे 21 वॅट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचे सोल्डरिंग आयर्न साधारण 25 वॅटचे असते. म्हणजे भिंतीतल्या प्लॅस्टिकला चिकटून एक सोल्डरिंग आयर्नच तापत ठेवल्यासारखे झाले! उष्णतेने पट्टी आणखी ढिली पडते, तिच्यावर ऑक्साइडचा थर चढतो, रोध आणखी वाढतो. मग फ्यूज का उडत नाही? कारण प्रवाह वाढलेलाच नसतो, उलट किंचित कमी झालेला असतो. हा दोष फ्यूजला दिसतच नाही. आणि अशा तापत्या जागी आपण खोचतो काय, तर काडेपेटीची काडी!

सैल प्लगमधून चर्रर्र आवाज येतो तेव्हा ठिणग्या उडत असतात. शेजारी मध्यम लहरींचा रेडिओ लावलेला असेल तर तोही खरखरतो. ठिणगीतून रेडिओलहरी निघतात, हे हर्ट्झने 1887-88 च्या सुमारास दाखवले. जुन्नर-आंबेगावच्या मुलांना हे वेगळे सांगायला नको. नारायणगावजवळ खोडदला 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांची जीएमआरटी दुर्बीण आकाशातून येणाऱ्या अतिक्षीण रेडिओलहरी टिपते. विजेच्या तारांवरच्या सैल जोडांतील ठिणग्या तिच्या कामात गोंगाट करतात. तुमच्या घरची ठिणगी तिथवर पोहोचेलच असे नाही, पण तिची जात तीच.

घट्ट सॉकेटची गोष्ट निराळी. नव्या सॉकेटला आत झडप असते. अर्थिंगची लांब पिन आधी शिरते आणि झडप उघडते. ती उघडावी म्हणून वरच्या छिद्रात पेन किंवा स्क्रूड्रायव्हर खुपसण्याची सवय मात्र फार वाईट. ती झडप तुमच्या धाकट्या भावंडांसाठी आहे. तेल सोडून सॉकेट मऊ करायलाही जाऊ नका.

माझे मत विचाराल तर सैल सॉकेट दुरुस्त करू नये, बदलावे. ताण गेलेली पट्टी पकडीने दाबली तरी चार दिवसांत पुन्हा ढिली पडते. हे काम तुमचे नव्हे, परवानाधारक वायरमनचे. तेही मेन स्विच बंद करून. शिक्षकांनी सूत्र फळ्यावर लिहिताना प्रयोगशाळेतील बोर्डाकडेही एकदा पाहावे.

तुम्ही एवढेच करा. रॉड किंवा इस्त्री वापरून झाली की बटण बंद करा आणि कोरड्या हाताने प्लगचे प्लॅस्टिक चाचपा. पिनांना बोट लावू नका. प्लॅस्टिक गरम लागले, काळे पडले असले किंवा जळकट वास आला, तर ते सॉकेट बदलेपर्यंत वापरू नका आणि घरातल्या मोठ्यांना त्याच दिवशी सांगा.