कोचीची फेरी आणि एक चुकलेलें उत्तर

प्रवास कसा करावा याविषयीं आमच्या पिढीची एक ठाम समजूत होती. आपल्या पायांनीं चालावें, भेटेल त्यास विचारावें, वाट चुकावी, आणि चुकलेल्या वाटेवर जें दिसेल तेंच खरें पाहिलें असें मानावें. वाटाड्याच्या मागें मेंढरांप्रमाणें फिरणाऱ्या मंडळींस आम्ही आजवर मनांतल्या मनांत हंसत आलों. परंतु माणसाचे गुडघे त्याच्या मतांच्या आधीं झिजतात, आणि गुडघे झिजले म्हणजे मतेंही थोडीं मऊ होतात. गेल्या पौषांत सौभाग्यवती, कन्या आणि सातव्या इयत्तेंत शिकणारी नात यांच्यासह आम्ही कोचीस गेलों, तेव्हां कन्येनें आमचें मत न विचारतांच शहरदर्शनाच्या मोटारींत चार जागा राखून ठेवल्या. आम्हींही, उगीच थोडीशी कुरकुर करून, रुकार दिला.

ही मोटार म्हणजे बारा आसनांची छोटी बस. लोक तिला नुसतें ‘ट्रॅव्हलर’ म्हणतात. सकाळीं नऊ वाजतां ती एर्नाकुलमहून निघाली. आंत आम्ही चौघें, आणखी सात प्रवासी, हिंदी आणि इंग्रजी या दोन्ही भाषा सारख्याच सफाईनें बोलणारा एक तरुण वाटाड्या, आणि कानशिलावरचे केस पिकलेला एक अबोल सारथि. पुलावरून विलिंग्डन बेटावर आलों. हें बेट निसर्गानें केलेलें नव्हे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत रॉबर्ट ब्रिस्टो या इंजिनिअरच्या देखरेखीखालीं बंदराचा तळ उपसला गेला व त्या मातीचें हें बेट झालें. मूळ बंदर मात्र निसर्गाची देणगी. १३४१ मध्यें पेरियार नदीस महापूर आला, उत्तरेकडचें कोडुंगल्लूरचें जुनें बंदर गाळानें भरलें आणि इकडे कोचीचें मुख मोकळें झालें, असें सांगतात. एका गांवाचें दैव बुडालें आणि दुसऱ्याचें उघडलें.

फोर्ट कोचीच्या किनाऱ्यावर प्रथम चिनी जाळीं पाहिलीं. लांब लांब वासे, त्यांच्या टोकांस अंथरलेलें जाळें, आणि मागच्या बाजूस दोरांना टांगलेले मोठमोठे धोंडे. पांच-सहा माणसें दोर ओढतात, धोंडे खालीं येतात आणि जाळें पाण्यांतून वर उचललें जातें. तराजूचाच न्याय! तरफेचा पाठ आम्हीं इतकीं वर्षें फळ्यावर खडूनें शिकविला. तो येथें ओल्या दोरखंडानें शिकवितां आला असता तर किती बरें झालें असतें, असें वाटून गेलें. जाळ्यांत मात्र मूठभर मासळी आली. कोळ्यांनीं आमच्या नातीलाही दोर धरावयास दिला व मागाहून नम्रपणें बक्षिसीची आठवण करून दिली.

तेथून जवळच सेंट फ्रान्सिस चर्च आहे. १५०३ मध्यें पोर्तुगीजांनीं येथें लांकडाचें प्रार्थनामंदिर उभारलें; दगडी बांधकाम १५१६ च्या सुमारास पुरें झालें. आंत छतापासून लोंबणारे कापडी पंखे अजून आहेत. ते पूर्वीं बाहेर बसलेले नोकर दोरीनें ओढीत. उजव्या हातास जमिनींत एक शिळा असून तिच्याभोंवतीं लहानसें कठडें केलें आहे. वास्को द गामा १५२४ च्या डिसेंबरांत कोचीसच वारला व त्यास येथें पुरलें. पुढें चौदा-पंधरा वर्षांनीं त्याच्या अस्थि पोर्तुगालला नेल्या. वाटाड्यानें त्या शिळेपाशीं थांबून सर्वांस विचारलें, “यानें काय शोधून काढलें, आणि केव्हां?”

वाचकहो, पस्तीस वर्षें वर्गांत उभा राहिलेला मनुष्य असा प्रश्न ऐकून गप्प बसेल काय? इतर मंडळी खिशांतील यंत्रांत उत्तर शोधीत आहेत तोंच आम्हीं खणखणीत आवाजांत सांगितलें, “हिंदुस्थानास येण्याचा जलमार्ग. सन १४९८!” चर्चमध्यें प्रतिध्वनि उठला. वाटाड्यानें टाळ्या वाजविल्या. सौभाग्यवतींनीं पदराआड हंसून घेतलें. आम्हांस पैकींच्या पैकीं गुण मिळाले होते, आणि खोटें कां सांगा, पुढचा तासभर आम्ही त्या आनंदांत होतों.

दुपारीं मट्टांचेरीचा राजवाडा. यास ‘डच पॅलेस’ म्हणतात, पण तो १५५५ च्या सुमारास पोर्तुगीजांनीं बांधून कोचीच्या राजास नजर केला. डचांनीं १६६३ नंतर त्याची डागडुजी केली एवढेंच. मधल्या चौकांत भगवतीचें देऊळ आहे. राजाच्या शयनगृहाच्या भिंतींवर दशरथाच्या पुत्रकामेष्टीपासून अयोध्येस परत येईपर्यंतचें सारें रामायण रंगविलें आहे. हिरवा, तांबडा आणि काविसारखा पिवळा हे रंग असे दाट कीं कोठें रिकामी जागा म्हणून नाहीं. आयुष्यभर रघुवंश शिकविणाऱ्या मनुष्यानें येथें दिवसभर बसावें. आमच्या वाट्यास दहा मिनिटें आलीं. येथें मात्र वाटाड्याचा राग आला. काशीच्या घाटावरील क्षेत्रोपाध्याय यजमानास संकल्प सांगतां सांगतां पुढच्या यजमानाकडे पाहत असतो, तशी त्याची एक नजर सतत घड्याळावर होती.

राजवाड्याच्या आवारांतील देवळास लागूनच ज्यू लोकांचें परदेशी सिनेगॉग आहे. १५६८ चें हें प्रार्थनागृह. १६६२ मध्यें पोर्तुगीजांनीं त्याची नासधूस केली. डचांचा अंमल आल्यावर तें पुन्हां उभें राहिलें. जमिनीवर चीनहून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशा आहेत व प्रत्येक हातानें रंगविलेली असल्यामुळें एकीसारखी दुसरी नाहीं असें सांगतात. नातीनें दोन सारख्या फरशा शोधण्याचा चंग बांधला, ती हरली. १७६० च्या घड्याळाच्या मनोऱ्यावर हिब्रू, रोमन आणि मल्याळम् असे निरनिराळ्या लिपींचे आंकडे आहेत. इस्रायलचें राज्य १९४८ मध्यें स्थापन झाल्यावर येथील बहुतेक कुटुंबें तिकडे गेलीं. घड्याळ राहिलें, त्याकडे पाहून प्रार्थनेस जाणारीं माणसें राहिलीं नाहींत.

शेवटचा मुक्काम मसाल्याच्या दुकानीं. तेथें एक तास दिला होता. रामायणास दहा मिनिटें आणि वेलदोड्यास एक तास, यांतील गणित सुज्ञ वाचकांस सांगणें नलगे. आम्हीं पावशेर काळीं मिरीं घेतलीं व बाहेर येऊन मोटारीच्या पायरीवर बसलों. संस्कृत कोशांत मिऱ्यास ‘यवनप्रिय’ असें एक नांव आहे, परदेशस्थांस प्रिय तें यवनप्रिय, असें नातीस सांगत होतों. इतक्यांत तो अबोल सारथि जवळ आला आणि हळूच म्हणाला, “तुमी खंयचे?”

आम्ही चकित झालों. दिवसभर आमचें मराठी त्याच्या कानांवर पडत होतें आणि त्यास तें निम्म्याहून अधिक कळत होतें! आम्ही रत्नागिरीकडचे म्हणून सांगितलें. तो म्हणाला, आमची भाषा कोंकणी, आमचें मूळ गोव्याचें. गोवें कधीं पाहिलें आहे काय, असें विचारतां त्यानें मान हलविली. नाहीं. त्याच्या आजोबानींही पाहिलें नव्हतें. “पण देव तिकडचा आहे,” तो म्हणाला. “दोन मिनिटांची वाट. दिवे लागतील आतां. येतां काय?”

इतर मंडळी वेलदोडे निवडीत होती. आम्ही गेलों. चेरलाई भागांतील तिरुमल देवस्थान, श्रीवेंकटेशाचें. अंगांतील सदरा उतरवून आंत गेलों तों चारी बाजूंनीं कोंकणी कानांवर येऊं लागली. मल्याळम् देशाच्या ऐन मध्यावर, समुद्राच्या कांठीं, आपल्याच घराच्या माजघरांत चाललेलें बोलणें ऐकूं यावें तसें वाटलें. सौभाग्यवती एका वृद्ध बाईंशीं दाळीतोय कशी करावी याविषयीं बोलत बसल्या. दोघींस एकमेकींचा प्रत्येक शब्द कळला असेल असें नाहीं, परंतु फोडणीस भाषा लागत नाहीं.

सारथ्यानें जें सांगितलें तें थोडक्यांत असें. पोर्तुगीजांनीं १५१० मध्यें गोवें घेतलें. १५४० च्या सुमारास तिसवाडींतील देवळें पाडलीं. १५६० मध्यें तेथें इन्क्विझिशनची स्थापना झाली. ती १८१२ पर्यंत चालली. त्या काळांत असंख्य कुटुंबें घरदार, शेतीभाती सोडून, जमेल तेथें देव बरोबर घेऊन दक्षिणेकडे निघालीं. कांहीं कानड्यांत राहिलीं, कांहीं कोचीच्या राजाच्या आश्रयास आलीं. त्यांत याचे पूर्वज होते. हें त्यानें रागानें सांगितलें नाहीं, रडूनही नाहीं. आपल्या घराचा पत्ता सांगावा तसें सांगितलें. मग तो आम्हांस म्हणाला, “सकाळीं चर्चमध्यें तुम्हीं उत्तर बरोबर दिलें.”

तो हें सरळ मनानें बोलला. परंतु आमची मान खालीं गेली.

पस्तीस वर्षें तें उत्तर आम्हीं मुलांकडून पाठ करून घेतलें. एका गुणाचा प्रश्न. ‘शोधून काढला’ हें क्रियापद कोणाच्या बाजूचें आहे याचा विचार आमच्या मनांत एकदांही आला नाहीं. वास्को द गामानें आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील मालिंदी येथें जाणता नावाडी बरोबर घेतला व त्याच्या ज्ञानावर समुद्र ओलांडला. म्हणजे वाट ठाऊक असणारा मनुष्य तेथें आधींच होता. अरबी आणि गुजराती व्यापारी मोसमी वाऱ्यावर ही ये-जा पिढ्यान्‌पिढ्या करीत होते. मार्ग होता, वाहता होता. तो युरोपांतील लोकांस नव्यानें सांपडला, एवढाच त्या १४९८ चा अर्थ. आणि त्या सांपडण्यामुळें कोणास घर सोडावें लागलें हें आमच्या प्रश्नपत्रिकेंत कधींच विचारलें गेलें नाहीं.

घरीं आल्यावर आम्हीं पुस्तकें उघडलीं, तेव्हां आणखी एक गोष्ट हातीं लागली. कोचीचा डच सेनापति व्हान रेड यानें मलबारांतील वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ नांवाचा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. त्याचे १२ खंड १६७८ ते १६९३ या काळांत ॲम्स्टरडॅम येथें छापले गेले. त्यास झाडपाल्याचें ज्ञान देणाऱ्यांत इट्टी अच्युदन हा मलबारी वैद्य होता, आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट हे तीन कोंकणी ब्राह्मणही होते. या तिघांनीं १६७५ मध्यें दिलेलें प्रमाणपत्र कोंकणी भाषेंत व नागरी लिपींत आहे आणि तें त्या ग्रंथांत तसेंच छापलें आहे. गोवें सुटलेल्या समाजांतील तीन माणसें आश्रयाच्या गांवीं बसून आपल्या अक्षरांत सही करितात आणि ती सही ॲम्स्टरडॅमला छापली जाते! आमच्या इतिहासाच्या पुस्तकांत वास्को द गामा होता, रंगभट नव्हता.

पांच शतकांपूर्वींच्या माणसांचा राग आजच्या माणसांवर काढणें हा मूर्खपणा होय, आणि तो वाढावा म्हणून हें लिहिलें नाहीं. ज्या कोचीनें पोर्तुगीजांस किल्ला बांधूं दिला, तिनेंच ज्यूंस राजवाड्याशेजारीं जागा दिली आणि गोव्याच्या निराश्रितांस देऊळ बांधूं दिलें. हें सारें एका दिवसांत, एका छोट्या मोटारींतून दिसतें. वाटाड्यासही दोष देत नाहीं. त्यानें नेमून दिलेलें नीट दाखविलें. परंतु मोटारीचा मार्ग कोणीतरी ठरविलेला असतो, आणि आमच्या क्रमिक पुस्तकाचाही तसाच ठरलेला होता, एवढें प्रवाशानें लक्षांत ठेवावें.

जाणाऱ्या मंडळींसाठीं दोन व्यावहारिक सूचना. शुक्रवारीं राजवाडा बंद असतो आणि शनिवारीं सिनेगॉग. सबब ते दोन दिवस टाळावे. देवळांत जावयाचें असेल तर पुरुषांनीं धोतर बरोबर ठेवावें. आणि सारथ्याशीं दोन शब्द बोलावे.

असो. आमच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकीं कोणाच्या घरीं हें मासिक येत असेल, तर त्यास एक विनंती आहे. ‘वास्को द गामा यानें १४९८ सालीं हिंदुस्थानास येण्याचा जलमार्ग शोधून काढला’ हें वाक्य आम्हीं तुम्हांकडून पाठ करवून घेतलें होतें. त्यांत ‘युरोपीय लोकांसाठीं’ हे दोन शब्द घालावे. नातीच्या वहींत आम्हीं ते स्वतः घातले. तिनें विचारलें, “आजोबा, परीक्षेंत असें लिहिलें तर गुण मिळेल ना?” आम्हीं तिला खात्री देऊं शकलों नाहीं, तरी तसेंच लिही, असें सांगितलें.