त्रैराशिक कां शिकावयाचें?

दहा मजूर एक भिंत सहा दिवसांत बांधतात, तर पंधरा मजूर तीच भिंत किती दिवसांत बांधतील, असें विचारलें असतां शाळेंतील पुष्कळ विद्यार्थी रीत लावून ‘नऊ दिवस’ असें बेधडक सांगतात. मजूर वाढले म्हणजे दिवस कमी लागावयाचे, हें निरक्षर गवंड्यासही कळतें. चार दिवस हें उत्तर तो बोटांवर काढील. मग शाळेनें मुलास दिलें काय? रीत दिली आणि अक्कल गहाण ठेवविली, असें आम्हांस खेदानें म्हणावें लागतें.

आर्यभटानें इ. स. ४९९ मध्यें प्रमाण, फल व इच्छा या राशींचा नियम सांगितला. भास्कराचार्यांनीं ११५० मध्यें लीलावतींत व्यस्त त्रैराशिकाचा वेगळा विचार केला. परंतु पूर्वजांच्या जयघोषानें हिशेब सुटत नाहीं. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणींत ग्रामीण भारतांतील पांचवीच्या मुलांपैकीं भागाकार येणारीं शेंकडा एकतीसच्या आसपास भरलीं.

कोणी म्हणेल, हिशेबाचें यंत्र आतां खिशांत असतां ही यातायात कशाला? यंत्र विचारल्याचें उत्तर देतें. काय विचारावें हेंच ज्यास कळत नाहीं, त्यास त्याचा उपयोग काय? समजा, एकानें १२,००० रुपये शेंकडा १२ दरानें कर्जाऊ घेतले. धनको वर्षाचें व्याज १,४४० रुपये त्यांत मिळवून १,१२० रुपयांचे बारा मासिक हप्ते बांधतो. मुद्दल दरमहा हजारानें फिटतें; म्हणजे ऋणकोच्या हातीं वर्षभर सरासरी ६,५०० रुपयेच राहतात. आतां त्रैराशिक मांडा: ६,५०० ला १,४४०, तर १०० ला किती? उत्तर सुमारें बावीस. कागदावर बारा आणि खिशांतून बावीस! १८७५ सालीं सुपें येथें गांजलेल्या शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतें जाळलीं. खत जाळण्यापेक्षां सही करण्यापूर्वीं तें ताडून पाहतां येणें, हा अधिक टिकाऊ उपाय होय.

न्यायालयांत मुद्दे काढल्यावांचून दाव्याचा निकाल होत नाहीं. गणितांतही दिलेलें काय, मागितलेलें काय, आणि त्यांचा संबंध सम कीं व्यस्त, हे तीन मुद्दे आधीं निघाले पाहिजेत. समीकरण हा तराजू आहे. एका पारड्यांतून जें काढावें तेंच दुसऱ्यांतून काढावें, हें मुलास एकदां दिसलें म्हणजे ‘पलीकडे नेतांना चिन्ह बदला’ हा मंत्र घोकावा लागत नाहीं.

म्हणून आमची सूचना अशी कीं, शिक्षकांनीं कर्जाचीं खतें, विजेचीं बिलें व बाजारभाव यांवरून उदाहरणें घालावीं, मुलांकडूनही नवीं रचवावीं. आणि परीक्षकांनीं मांडणीस उत्तराइतकेच गुण द्यावे. ज्यास स्वतःच्या कर्जाचा खरा दर काढतां येत नाहीं, तो सरकारास अंदाजपत्रकाचा जाब काय विचारणार? स्वराज्य येऊन पाऊणशेंहून अधिक वर्षें लोटलीं; आपला हिशेब आपण तपासणारा नागरिक घडविण्याचें देणें मात्र शाळांच्या खातीं अद्यापि बाकी आहे.